वीस मिनिटांत काय विचारायचं?

ताई, मी साखळीची. पणजीत बँकेत नोकरी करते. गेली तीन वर्षं चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या दिवसांत आमच्या घरच्या माटोळीचे, गणपतीवर छताला टांगलेल्या रानफळं-वेलींनी भरलेल्या लाकडी चौकटीचे फोटो काढतेय. बाबा आणि काका रानातून सामान आणतात तिथपासून माटोळी बांधून होईपर्यंत. चारशेच्या वर फोटो जमलेत. घरच्या ग्रुपवर सगळे मस्त म्हणतात. एका स्पर्धेच्या परीक्षकांनी सांगितलं, पाठमोरी माणसं फार आहेत, रंग जरा खुलव. ओळखीच्या एका सरांनी सांगितलं, रंगच काढून टाक, ब्लॅक अँड व्हाइट कर. आता डिसेंबरात पणजीत एका कार्यक्रमात बाहेरून येणाऱ्या ज्येष्ठ छायाचित्रकारांसमोर वीस मिनिटं बसून काम दाखवता येणार आहे. फी दीड हजार रुपये. जाऊ का? काय घेऊन जाऊ? माझं इंग्रजी बेताचं आहे. आणि त्यांनी काम बघून नाक मुरडलं तर? सोबत बारा फोटो जोडलेत.
– साखळीची एक वाचक

जा. फीचं शेवटी बोलू.

तुझं पत्र वाचताना एक गोष्ट मात्र खटकली. जाऊ का, काय नेऊ, इंग्रजीचं काय, ते काय म्हणतील, हे सगळं तू मला विचारलंस. त्या टेबलावर बसल्यावर समोरच्या माणसाला तू काय विचारणार आहेस, ते पत्रात कुठेच नाही. बहुतेक जण असेच जातात. फोटो पुढे सरकवतात, 'कसे वाटले?' म्हणतात आणि गप्प बसतात. या प्रश्नाला सभ्य माणसाकडे एकच उत्तर असतं, आणि ते तुला घरच्या ग्रुपवर फुकट मिळतंय.

अनुभवी माणसापुढे न्यायचा तो अडलेला निर्णय. असा निर्णय, जो तू घेऊन पाहिलास, पुन्हा मोडलास आणि अजून सुटत नाही. तो सापडला की वीस मिनिटं भरपूर झाली. नसेल सापडला तर दोन तासही कमी पडतील, कारण समोरचा मग त्याला सुचेल ते बोलत राहतो: कॅमेरा कुठला, लेन्स कुठली, अमक्याचं काम पाहिलंयस का.

आधी परीक्षक आणि सर यांचा घोळ मिटवू. स्पर्धेचा परीक्षक एकेक फोटो सुटा बघतो. त्याच्यासमोर शेकडो फोटो असतात, प्रत्येकाला काही सेकंद मिळतात. त्या काही सेकंदांत जो फोटो लक्ष वेधून घेतो तो पुढे जातो. म्हणून तिथे चेहरा हवा, रंग हवा, नजर ठरेल अशी जागा हवी. त्यांच्या कामापुरतं त्यांचं बरोबर आहे. तू करतेयस ती मालिका. मालिकेत एखादा फोटो सुटा पाहिला तर अगदी साधा असतो, पण त्याच्या मागच्या-पुढच्या फोटोंमुळे तो लागतोच. पाठमोरा माणूस स्पर्धेत दोष ठरेल, मालिकेत तोच कणा असू शकतो. आणि ब्लॅक अँड व्हाइटचं म्हणशील तर माटोळीतून रंग काढल्यावर कवंडळाचं रानफळ आणि सुपारी ओळखायची कशी, हे त्या सरांना नम्रपणे विचारून बघ. कदाचित त्यांच्याकडे उत्तर असेल. दोघांनी सल्ला दिला तो तुझे सगळे फोटो एकत्र न बघता, आणि तू तो संपूर्ण कामाला लावतेयस. घोळ तिथे आहे.

आता तुझे बारा फोटो. सात फोटो पुऱ्या झालेल्या माटोळीचे आहेत. खालून वर, मधोमध, नारळाचा घड एका बाजूला, चिबूड दुसऱ्या बाजूला, सगळं नीट दिसेल असे. ते चांगले काढलेत. पण कला आणि संस्कृती संचालनालयाच्या माटोळी स्पर्धेची बातमी येते तेव्हा तिच्यासोबत पेपरात असेच फोटो असतात. हे सात फोटो कुठल्याही घरचे असू शकतात.

उरलेले पाच मात्र तुमच्याच घरचे आहेत. काका कोयत्याने केवणीची, म्हणजे एका रानझाडाची साल सोलताहेत, बोटांवर चिकाचे काळे डाग. डिचोलीच्या बाजारातली घागऱ्यो, म्हणजे रानातल्या शेंगांचे घोस विकणारी बाई, जिचा चेहरा तिने धरलेल्या घोसामागे गेलाय. आई मोबाइलचा टॉर्च वर धरून उभी, मान अवघडलेली. छताची रिकामी लाकडी चौकट, तिला गेल्या वर्षीच्या दोरांची टोकं अजून लोंबताहेत. आणि तो, परीक्षकांना न आवडलेला: बाबा पोतं डोक्यावर घेऊन चढण चढताहेत, पाठमोरे, वाट फक्त त्यांना माहीत आहे. या फोटोत तू त्यांच्या मागून चालतेयस हे दिसतं. तोंडाकडून काढला असतास तर तू आधी वर पोचून त्यांची वाट बघत उभी होतीस असं झालं असतं, आणि ती गोष्ट वेगळी झाली असती.

हे पाच आणि ते सात शेजारी ठेवल्यावर मला एक प्रश्न पडला, तोच तुझा प्रश्न आहे का ते बघ: हे काम माटोळीचं आहे की बाबांचं? माटोळीचं असेल तर प्रत्येक फळाची, वेलीची नोंद हवी. माट्टीची फळं कुठून आली, कांगलांची कोणी ओळखली, रानातून किती आलं आणि बाजारातून किती विकत घ्यावं लागलं. बाबांचं असेल तर त्यातलं पुष्कळ गळेल आणि चवथीबाहेरचे बाबाही लागतील. दोन्ही करता येईल, पण कुठलं पुढे आणि कुठलं मागे, हे ठरवल्याशिवाय कुठला फोटो ठेवायचा ते ठरत नाही. उत्तर मी देणार नाही. मी बारा पाहिलेत, तुझ्याकडे चारशे आहेत.

त्या चारशेंचं आता काय करायचं ते सांगते, कारण टेबलावर बसायच्या आधीचं हे काम सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि सगळ्यात जास्त टाळलं जातं. मोबाइलवर बोटाने फोटो सरकवून निवड होत नाही. त्यातले शंभरेक फोटो लॅबमधून चार बाय सहाचे काढून आण. मॅट कागदावर काढ, ग्लॉसीवर ट्यूबलाइट चमकते आणि माणूस फोटो सोडून मान वाकडी करत बसतो. घरच्या साळयेत, मोठ्या खोलीत, जमिनीवर पसर. दोन दिवस तसेच राहू देत. जाता-येता बघ. सारखं तेच सांगणारे फोटो एकत्र ठेव आणि त्यातला एकच उचल. इथे जीव तुटतो, कारण जो काढून टाकायचा तो बऱ्याचदा जास्त देखणा असतो. छायाचित्रकार रॉबर्ट फ्रँक १९५५-५६ मध्ये अमेरिकाभर हिंडला तेव्हा त्याने सत्तावीस हजारांच्या वर फोटो काढले. त्यातले हजारेक छापून भिंतीवर लावले, हलवत राहिला, आणि 'द अमेरिकन्स' या त्याच्या पुस्तकात गेले फक्त ८३. तू पंचवीसवर आलीस तरी पुरे. वीस मिनिटांच्या बैठकीत पंचवीसच्या वर फोटो नीट बघून होत नाहीत.

मग क्रम. एकच पंचवीस फोटो तीन वेगळ्या क्रमांनी लावून बघ. रिकाम्या चौकटीने सुरुवात केलीस तर बघणारा ती भरण्याची वाट बघतो. तीच शेवटी ठेवलीस तर चवथ सरलेली असते. दयानिता सिंग या छायाचित्रकार, ज्यांना २०२२ मध्ये छायाचित्रणातला हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला, त्यांनी तर फोटो बदलत राहता येतील अशा लाकडी घडणीची छोटी 'संग्रहालयं'च बनवली, म्हणजे क्रम कधी पक्का होऊच नये. तुला इतकं करायला नको. पण ज्या दोन क्रमांमध्ये तू अडकशील ते दोन्ही लिहून ठेव. टेबलावर न्यायचा प्रश्न तिथेच सापडतो.

पसरलेले फोटो बाबांनाही दाखव. परवानगीसाठी तर दाखवायलाच हवेत, आणि त्या बाजारातल्या बाईलाही, पुढच्या खेपेला एक प्रिंट नेऊन दे. पण बाबांना दाखवण्याचं आणखी एक कारण आहे. बाहेरून येणाऱ्या ज्येष्ठांना फोटोतलं सगळं कळेल, माटोळीतलं काही कळणार नाही. कुठली गोष्ट चुकीच्या जागी टांगलीय, कुठला फोटो काकांना उगाच कष्टाळू दाखवतोय, हे घरातलाच सांगेल. घरात जुना अल्बम असेल तर त्यातली एखादी माटोळी शोध. सेरेंडिपिटी आर्ट्स या कलासंस्थेच्या 'गोवा फॅमिलिया' या प्रकल्पात गोव्यातल्या घराघरांतले असेच कौटुंबिक फोटो गोळा करून त्यांच्या कहाण्यांसह मांडले गेले. आजोबांच्या वेळच्या चौकटीचा एक पिवळा पडलेला फोटो तुझ्या पंचविसांत बसतो का, हाही विचारण्यासारखा प्रश्न आहे.

आता कोणासमोर बसायचं. अशा समोरासमोरच्या बैठका जगभर होतात. अमेरिकेत ह्यूस्टनच्या फोटोफेस्टने १९८६ पासून त्या मोठ्या प्रमाणावर रुळवल्या, फ्रान्समध्ये आर्लला दर उन्हाळ्यात होतात. तिथे समोर बसणारी माणसं एका जातीची नसतात, आणि इथेही नसतील. संग्रहालयाची क्युरेटर विचारते, हे भिंतीवर कसं दिसेल. प्रकाशक विचारतो, याची पानं कशी उलटतील. मासिकाचा फोटो एडिटर विचारतो, बातमी काय आणि आत्ताच का. कलाकार विचारतो, तू का काढतेयस. चौघांची उत्तरं चार येतील आणि चारही खरी असतील. म्हणून यादीतल्या प्रत्येकाचं काम आधी बघ, निदान एक तास. ज्यांनी स्वतः एखाद्या घराचं, गावाचं, कामाचं वर्षानुवर्षं चित्रण केलंय अशा माणसाकडे तुझा प्रश्न ने. मुंबईच्या सफाई कामगारांचं काम वर्षानुवर्षं टिपणारे सुधारक ओलवे यांचे फोटो पाहा, म्हणजे मी कुठल्या प्रकारच्या माणसाबद्दल बोलतेय ते कळेल. फॅशनमधलं फार मोठं नाव असेल, तर त्यांच्यासोबत फोटो काढून घे, वीस मिनिटं त्यांच्यावर घालवू नकोस.

टेबलावर काय होतं? मी दोन्ही बाजूंना बसलेय, म्हणून सांगते. प्रिंट ने, आठ बाय बाराच्या आसपासच्या, साध्या खोक्यात सुट्या. प्लास्टिकच्या खणांचा अल्बम नको, कारण समोरच्याला क्रम बदलून दाखवायचा असतो आणि अल्बम त्याचे हात बांधतो. लॅपटॉप नेलास तर तो फक्त जादा फोटो दाखवायला. नाकारलेल्या फोटोंतले दहा-बारा छोटे प्रिंट वेगळ्या पाकिटात ठेव. चांगला बघणारा हमखास विचारतो, 'बाकी काय आहे?' आणि कधीकधी मालिकेचा पहिला फोटो त्या पाकिटात निघतो.

सुरुवातीला दोन-तीन वाक्यं बोल. मी साखळीची, हे आमच्या घरचं, तीन वर्षं चाललंय, मी इथे अडलेय. बस. मग गप्प राहा आणि त्यांना पहिल्यांदा सगळं शांतपणे बघू दे. हे कठीण जातं. प्रत्येक फोटोला 'हे ना, त्या दिवशी पाऊस होता' असं सुरू होतं. पाऊस फोटोत दिसत नसेल तर तो नाहीच. एका मुलाने एका बैठकीत पहिली बारा मिनिटं रानातल्या जळवांची गोष्ट सांगण्यात घालवली होती. गोष्ट फर्मास होती, फोटो मात्र घाईघाईत उलटले गेले. तू त्या वेळात त्यांचे हात बघ. कुठल्या फोटोवर थांबतात, कुठला परत मागे जाऊन बघतात, कुठला पटकन सरकवतात. तोंडाने काय बोलतात त्यापेक्षा हे जास्त खरं असतं, कारण बोलताना माणूस तुझा मान राखतो.

मैत्रिणीला सोबत घेऊन जा आणि तिला लिहायला बसव, नाहीतर परवानगी घेऊन मोबाइलवर रेकॉर्ड कर. त्या घटकेला तुला काहीच आठवणार नाही. उलट उत्तर देऊ नकोस, सफाई देऊ नकोस. एखादं म्हणणं समजलं नाही तर एवढंच विचार: 'कुठल्या फोटोमुळे तुम्हाला असं वाटलं?' गोल बोलणारा माणूस या प्रश्नावर एकतर फोटो दाखवतो किंवा विषय बदलतो.

इंग्रजीची काळजी सोड. आधी मराठीत शंभर शब्दांत लिही की हे काम काय आहे. 'परंपरा', 'वारसा', 'निसर्गाशी नातं' हे शब्द न वापरता लिही, बघ किती घाम फुटतो. ते जमलं की कोणाकडून तरी इंग्रजी करून घे आणि छापून टेबलावर ठेव. त्यात माटोळी, कवंडळ, केवण हे शब्द तसेच ठेव, ते विचारतील, तू सांगशील, आणि त्या क्षणी टेबलावर जाणकार तू असशील. बाकी तोडक्या इंग्रजीत, हिंदीत बोल. ही माणसं देशभर हिंडलेली असतात.

नाक मुरडलं तर? मुरडतील, थोडं तरी. ऐकून घे आणि त्याच रात्री काही बदलू नकोस. आठवडाभराने टिपणं काढ आणि दोन भाग कर. एक, तुझ्या फोटोंबद्दल बोललेलं: सात फोटो एकच सांगतात, बाजार अपुरा आहे, आई फक्त एकदाच येते. हे बहुतेक वेळा खरं निघतं, आवडलं नाही तरी. दुसरं, त्यांनी स्वतः हे काम कसं केलं असतं याबद्दल बोललेलं. ते ऐकायला छान, पण ते त्यांचं काम. आणि कोणी म्हणालं की हे जरा जास्त जुनं, जास्त रानटी वाटेल असं कर, घरातली प्लास्टिकची खुर्ची चौकटीबाहेर ठेव, तर ते सरळ तिथेच सोडून ये. खुर्ची घरात आहे, तर फोटोत राहील.

एकाच उणिवेकडे पाचजणांनी बोट दाखवलं तर ती नक्की आहे समज. पण पाच माणसांना एकेकदा दाखवण्यापेक्षा एका माणसाला दोनदा दाखवणं मला जास्त मोलाचं वाटतं. ज्यांचं बोलणं पटलं त्यांना उठताना विचार, 'पुढच्या चवथीनंतर दहा फोटो मेलवर पाठवले तर बघाल का?' बहुतेक हो म्हणतात. त्यांनी पहिली फेरी पाहिलेली असते, म्हणून दुसऱ्यांदा तू काय बदललंस आणि कुठे हट्ट केलास हे त्यांना दिसतं. पहिल्यांदाच बघणारा तिथवर पोचत नाही.

या एका बैठकीवर सगळं टाकू नकोस. आल्तिनोवरच्या गोवा कला महाविद्यालयात आणि सुनापरांत या कलाकेंद्रात प्रदर्शनं लागतात, उद्घाटनाला कलाकार स्वतः असतात. गर्दी ओसरल्यावर त्यांच्या कामाबद्दल बोल, स्वतःचं लगेच काढू नकोस. २०१५ मध्ये सुरू झालेल्या गोवा फोटो महोत्सवाने बार्देशातल्या खासगी घरांत फोटो मांडले होते. घराचं काम घरात कसं दिसतं हा तुझा विषय आहे, तेव्हा त्यांची पुढची घोषणा कधी येते यावर लक्ष ठेव. चेन्नई फोटो बिनाले हा छायाचित्र महोत्सव २०१६ पासून होतो. कंबोडियातल्या अंगकोर फोटो महोत्सवाच्या कार्यशाळा आशियातल्या नवोदितांसाठी २००५ पासून चालतात, शिकवण्याची फी नसते, निवड मात्र कडक असते. तिथला अर्ज भरणं हाच एक सराव आहे.

थेट मेल करणार असशील तर: दहा फोटो, लांब बाजू दीड हजार पिक्सेल, तीन ओळींची ओळख आणि एकच प्रश्न. चारशे फोटोंच्या फोल्डरची लिंक कोणीही उघडत नाही. तीन आठवडे उत्तर आलं नाही तर एकदा आठवण कर, मग सोडून दे.

आता फी. दीड हजार हा ठीक आकडा आहे, तेवढाच खर्च प्रिंटलाही येईल, तोही धर. भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घे: समोर नेमकं कोण बसणार, ते नाव आधी कळणार का, आणि वीस मिनिटं तुला एकटीला आहेत की घोळक्यात. नाव सांगायला टाळाटाळ झाली तर पैसे भरू नकोस. फीसोबत प्रमाणपत्र, प्रदर्शनात जागा किंवा 'आम्ही तुमचं काम पुढे नेऊ' असलं काही जोडून विकत असतील तरी भरू नकोस. बघायला दिलेल्या फोटोंवर कोणाचा हक्क निर्माण होत नाही, त्यामुळे कसल्याही कागदावर सही मागितली तर वाचल्याशिवाय करू नकोस, आणि मूळ फाइली कोणाला देऊ नकोस. सगळं ठीक वाटलं तर नोंदणी करताना सकाळची वेळ माग. संध्याकाळी पाचला समोरच्याने पंधरा जणांचं काम बघितलेलं असतं, आणि त्याचं अर्धं लक्ष चहाच्या टपरीकडे असतं.